लोटा उलटा, पाणी जागेवर

"पडलं नाही! एक थेंबसुद्धा पडला नाही!"

भाईंदरला जेसल पार्कच्या मागे पत्र्याचा एक गाळा होता. त्यात चाळीस-पन्नास माणसं दाटीवाटीने उभी होती आणि वरुणानंद महाराजांनी पितळी लोटा चक्क उलटा धरला होता. तोंडावर नुसतं मलमलचं फडकं. लोटा काठोकाठ भरताना सगळ्यांनी पाहिला होता, तरी पाणी काही खाली येईना.

"बघ रे पावसा, बांधला तुला!" महाराज गरजले. "आता लोटा बांधला, चार वाजता छप्पर बांधतो. मग तू ये, तुझा बाप येऊ दे!"

बायकांनी हात जोडले. सन एक्क्याण्णवचा सप्टेंबर सरत आला होता आणि उद्या वादळी पाऊस येणार म्हणून रेडिओ सकाळपासून बजावत होता.

मृणालिनीने मात्र हात जोडले नाहीत. तिला संताप आला होता. गिरगाव सोडून इथे आल्यावर तिने पाच बायका जमवून या गाळ्याच्या अर्ध्या भागात शिलाई सुरू केली होती. उरलेल्या अर्ध्यात हंसाबेनचे पापड. तीनशे परकर शिवून, घड्या घालून रचलेले होते आणि परवा व्यापारी माल उचलायला येणार होता. माल भिजला तर तो पुन्हा इकडे फिरकणार नव्हता. सहा जणींचं काम सुटणार होतं.

आणि महाराजांचा हुकूम काय, तर छपराला हात लावायचा नाही! डांबर लावलं, प्लास्टिक टाकलं, की बंधन तुटलं. गाळ्याच्या मालकीणबाई म्हणजे रखमाबाई; सासऱ्यांच्या वेळी इथे त्यांचं मिठागर होतं. त्यांनी महाराजांना नवीकोरी तांब्याची कळशी वाहिली होती आणि पत्र्यावरचं निळं प्लास्टिकही कालच उतरवलं होतं.

"आजी, निदान शिडी तरी द्या," मृणालिनीने रखमाबाईंना विनवलं.

"न्हाय. देवाचं काम चाललंय, मधी तंगडी घालू नको पोरी. दरसाल डांबर फासता, दरसाल गळतंच हाय ना?"

ते मात्र खरं होतं. गाळ्यातल्या सगळ्यांना पाऊस अंगावर आल्यावरच डांबर आठवायचं. ओल्या पत्र्यावर ते धरणार कसं? आज पत्रे खडखडीत कोरडे होते आणि शिडीला कुलूप होतं.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. लोटा उलटा करण्याआधी महाराजांनी फडकं भिजवून चांगलं ताणून घेतलं होतं. मंत्राने पाणी अडतं, तर कापड ताणायचं कशाला?

जेवणाच्या सुट्टीत तिने स्टीलचा ग्लास भरला, परकराच्या कापडाचा तुकडा भिजवून तोंडावर ताणला आणि ग्लास उलटा केला. मंत्र येत नव्हता, म्हणून परकराची मापं म्हटली. पाणी जागेवर!

हंसाबेन किंचाळल्या, "अरे बापरे! तुमको भी सिद्धी मिली क्या?"

"सिद्धी कसली डोंबलाची!" मृणालिनी म्हणाली आणि गळतीखाली ठेवायचा गंजका डबा तिने उचलून उजेडात धरला.

चार वाजता महाराज अंगारा घेऊन आले. मृणालिनी डबा घेऊन पुढे झाली.

"महाराज, याच्या बुडाला भोक पडलंय. यात पाणी भरून उलटा करा बघू."

"मूर्ख बाई! फुटक्या भांड्यात शक्ती टिकत नाही!"

"मग फुटक्या छपरात कशी टिकणार?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"पाखंडी बाईची सावली पडली! बंधन तुटलं तर मी जबाबदार नाही!"

"जबाबदारी कुणी मागितलीय?" मृणालिनीने भोकावर बोट दाबलं. हंसाबेननी डबा भरला, ओलं कापड ताणून बांधलं. मृणालिनीने डबा उलटा केला. "अडतीस, चाळीस, बेचाळीस!"

पाणी पडलं नाही. गर्दी पुढे सरकली.

"मी मंत्र म्हटला नाही, परकराची मापं म्हटली. ओल्या कापडाच्या बारीक छिद्रांवर पाण्याचा पडदा धरतो आणि खालची हवा पाण्याला वर रेटते. जोवर वरून हवा आत शिरत नाही, तोवर पाणी पडत नाही. आता बघा."

तिने बोट उचललं. सगळं पाणी महाराजांच्या खडावांवर!

"तुमच्या लोट्याला वर भोक नव्हतं, महाराज. आमच्या पत्र्यांना अकरा आहेत."

रखमाबाई पुढे आल्या. "दे हिकडं." त्यांनी स्वतः बोट दाबून डबा भरून घेतला, उलटा केला, बोट उचललं. मग परत एकदा करून पाहिलं. चेहरा लाल झाला होता, फसल्याची लाज वाटत होती. त्या महाराजांकडे वळल्या.

"माझी कळशी ठेव खाली."

कळशी खाली आली आणि महाराज घोडबंदरच्या रस्त्याला लागले.

"शिडी काढा रं! आन् ऊन हाय तवर डांबर तापवा!"

पदर खोचून मृणालिनी वर चढली. भोकांवर गोणपाटाचे तुकडे, त्यांवर गरम डांबर, वरून निळं प्लास्टिक दोरीने करकचून आवळलेलं. खाली परकरांचे गठ्ठे टेबलांवर गेले, पापड पिंपात.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि पत्रे रात्रीपर्यंत थडथडत राहिले. अकरापैकी नऊ जागा टिकल्या, दोन ठिबकल्या. त्यांखाली बादल्या होत्या. परकर कोरडे राहिले. व्यापारी माल घेऊन गेला आणि दिवाळीचं काम देऊन गेला.

म्हणून सांगणं एवढंच: कोणी चमत्कार दाखवला, तर तो आपल्या फुटक्या डब्यात करून दाखव म्हणावं. आणि हात जोडायचेच असतील तर खुशाल जोडा, पण आधी शिडी लावा, पत्रे कोरडे असतानाच.