इंजिनाला लावलेला कान

साहेबांनी आयुष्यभर लोकांना विमा विकला आणि निवृत्त झाल्यावर स्वतःजवळ उरलेली सगळी काळजी एका मोटारीवर ओतली. मोटार दोन माणसांची, लाल, बुटकी, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली, आणि त्यांच्या लेकीपेक्षा वयानं मोठी. ती इतकी पळाली होती, की किलोमीटरचा आकडा एकदा शेवटाला जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता. साहेब पाहुण्यांना मुद्दाम तोच आकडा दाखवायचे आणि म्हणायचे, "अजून वयात यायचीय."

त्यांचं तत्त्व घरात सगळ्यांना पाठ होतं. बिघडल्यावर दुरुस्ती मूर्ख करतात, शहाणा माणूस बिघडायच्या आधीच करतो. त्यामुळे ऑइल काळं पडायच्या आत बदललं जायचं, पट्ट्याला भेग पडायच्या आत पट्टा, आणि चांगले धडधाकट स्पार्क प्लग ऐन उमेदीत घरी बसायचे. स्वयंपाकघरातला नळ मात्र कित्येक महिने ठिबकत होता. तो अजून पूर्ण बिघडला नव्हता ना!

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणायचे. बाईंनी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. पलीकडचा नुसता 'हॅलो' म्हणाला, की तो रडणार आहे का भांडणार आहे, हे त्यांना कळायचं. असा कान असलेल्या बाईशी नवरा वर्षभर धड बोलत नव्हता. चहा देऊ का विचारलं तरी गप्प. लेकीचा फोन आला सांगितलं तरी गप्प. शेजारच्या काकांनी मात्र आपल्या जाड्याभरड्या आवाजात जिन्यातून हाक मारली, की साहेब टुणकन उठायचे.

"याला म्हणतात सोयीचं बहिरेपण," बाई लेकीला फोनवर म्हणाल्या. "बायको सोडून सगळ्यांचं ऐकू येतं."

"आई, बाबांना खरंच कमी ऐकू येत असेल. तुझा आवाज बारीक आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखव ना एकदा."

बाईंनी विषय काढून पाहिला, मोठ्यानं. साहेब दुखावले. "माझे कान? अगं, या कानांनी मी इंजिनातली मुंगी ऐकतो!"

हे मुंगी ऐकणं म्हणजे एक विधीच होता. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं साहेब टोक इकडून तिकडे सरकवत राहायचे. आणि गेलं वर्षभर गॅरेजमधून ते खुशीत वर यायचे. जुन्या इंजिनाची बारीक टकटक हल्ली कमी कमी होत चालली होती. आताशा तर औषधालाही सापडत नव्हती. "बघ, काळजी घेतली की म्हातारपणसुद्धा मागं फिरतं," ते सांगायचे आणि तोंड भरून हसायचे.

लेकीचे दिवस भरत आले होते. ती राहायची घाटापलीकडे. शनिवारी निघायचं ठरलं, आणि साहेबांनी जाहीर केलं की गाडीनंच जायचं. बाईंनी बसचं नाव काढताच साहेबांचा चेहरा असा पडला, की त्यांनी ते पुन्हा काढलं नाही. त्यांना फक्त वेळेवर पोचायचं होतं. पहिलं बाळंतपण होतं, आणि पोरीला घाबरल्यावर आई लागायची, हे बाईंना तिच्या जन्मापासून ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी बॅगा ठेवल्या, साहेबांनी किल्ली फिरवली. मागून एक्झॉस्टचा जाड घुमारा उठला आणि साहेब सुखावले. बाईंना मात्र पुढून वर्षभर येणारा तोच आवाज ऐकू आला, आज फारच वाढलेला. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी खडखड होती.

"अहो, आवाज येतोय."

साहेब समोर बघत होते. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि ओरडून सांगितलं, "आवाज येतोय! पुढून!"

साहेब चिडून खाली उतरले. बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, कान लावला. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"काहीसुद्धा नाही."

"काहीच ऐकू येत नाही तुम्हाला?"

"काहीच नाही! तेच तर सांगतोय!" साहेब अभिमानानं म्हणाले.

बाई बघत राहिल्या. त्यांचा वर्षभराचा राग एकाएकी उतरला. हा माणूस त्यांना टाळत नव्हता. ज्या टकटकीवर मात केली म्हणून तो वर्षभर मिरवत होता, ती होती तिथंच होती, बाईंचा बारीक आवाजही होता तिथंच होता; त्याच्या कानापर्यंत दोन्ही पोचत नव्हते. वाईट वाटलं आणि त्याच वेळी हसूही आलं. हसू त्यांनी दाबलं.

त्यांनी नवऱ्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. साहेबांना हे नवीन होतं. बाईंनी मूठ कानाला लावली आणि टोक फिरवत नेलं. इथे गुळगुळीत, इथे गुळगुळीत. पुढच्या टोकाला आल्यावर त्यांनी दचकून कान मागे घेतला.

"इथं. झाकण उघडा."

"उगाच काय उघडायचं?"

"शंका आली की उघडून बघायचं, हे कुणाचं वाक्य?"

साहेबांचंच होतं. मुकाट्यानं त्यांनी पाने काढले. झाकण निघालं तेव्हा आतली टायमिंग चेन सैल लोंबत होती. तिला ताणून धरणारी पट्टी तुटली होती, आणि झाकणाला आतून चेननं घासून चांगला खोल चर पाडला होता. ही चेन सुटली की इंजिन खलास, हे व्याख्यान बाईंनी जेवताना अनेकदा ऐकलं होतं. आज ती ऐन घाटात सुटली असती.

साहेब उपड्या बादलीवर बसले.

"कधीपासून येतोय आवाज?"

"वर्ष झालं असेल," बाई त्यांच्या समोर वाकून, सावकाश म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दर वेळी सांगितलं. तुम्ही गप्प बसायचात. मला वाटलं, एवढा जाणता माणूस, त्याला माहीत असणारच."

साहेब झाकणावरच्या चरावरून बोट फिरवत राहिले.

त्या दिवशी ते बसनं गेले. बाई वेळेवर पोचल्या, नातही झाली. परतल्यावर साहेबांनी नवी चेन बसवली, नवी पट्टी घातली, इंजिन चालू केलं आणि मग, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, बायकोला गॅरेजमधून हाक मारली. स्क्रूड्रायव्हर मुठीकडून तिच्यापुढे धरला.

बाईंनी कान लावला. साहेब त्यांच्या ओठांकडे असे टक लावून बघत होते, की बाईंना नव्या नवरीसारखं अवघडायला झालं.

"काय म्हणतंय?"

इंजिन अगदी गुळगुळीत चाललं होतं. बाईंनी तसं सांगितलं नाही.

"सांगते. आधी कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या."

"माझे कान अजून पूर्ण कुठं बिघडलेत?"

"बिघडल्यावर दुरुस्ती कोण करतं म्हणता तुम्ही?"

साहेबांनी इंजिनाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मूर्ख," ते पुटपुटले.

बाईंनी मूठ पुन्हा कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू नाही आलं."