रंगखोलीच्या दरवाजातली झडप

मित्रांनो, माझ्या पायथ्याशी एक ठिगळ आहे. घरात येणारे लोक आधी ते ठिगळ पाहतात आणि मग मला. त्याचा मला राग येत नाही. मी एक साधा आतला दरवाजा आहे, घराच्या दर्शनी दरवाजाचा मान मला कधीच नव्हता. माझ्या एका बाजूला स्वयंपाकघर आहे आणि दुसऱ्या बाजूला रंगखोली. तिथे सुताच्या लडी रंगवतात. मोठमोठे हंडे, त्यांखाली कोळशाच्या भट्ट्या आणि आडव्या काठ्यांवर टांगलेल्या ओल्या लडी, एवढाच त्या खोलीचा संसार आहे.

मला बनवून घेतले ते थोरल्या रंगाऱ्यांनी. सुताराच्या ओट्यावर माझ्या फळ्या तासल्या जात असताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकली. तरुणपणी ते दुसऱ्या एका रंगाऱ्याकडे कामाला होते. एके दिवशी बंद रंगखोलीतून त्यांनी आपल्या जोडीदाराला उचलून बाहेर आणले. त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तो गाढ झोपल्यासारखा दिसत होता, पण तो पुन्हा उठला नाही.

"धूर तर डोळ्यांना दिसतो," ते सुताराला म्हणाले. "मला जे दिसत नाही ते अडवायचंय."

सुताराने मान डोलावली आणि मला दुहेरी फळ्यांचा केला. फळ्यांमध्ये फट म्हणून ठेवली नाही. चौकटीला चारही बाजूंनी जाड लोकरी पट्टी ठोकली, खाली उंच उंबरठा बसवला. मी बंद झाल्यावर त्याने कडेने कागद सरकवून पाहिला, तो सरकेना. तेव्हा थोरले रंगारी पहिल्यांदा हसले. मला आजही त्या हसण्याचा अभिमान वाटतो.

ते कडक स्वभावाचे होते. त्यांनी घराला एक नियम घालून दिला. रंगखोली बंद करून कोणी बाहेर गेले असेल, तर परत आल्यावर आधी बाहेरून दोन्ही खिडक्या उघडायच्या, शंभरपर्यंत तीनदा मोजायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. हा नियम त्यांनी बायकोला सांगितला, मुलाला सांगितला. त्यामागची गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नाही. कदाचित ती पुन्हा सांगणे त्यांना जमले नसेल. आणि त्या घरात वडिलधाऱ्यांना 'का' असे विचारणे म्हणजे उलट बोलणे मानले जाई, त्यामुळे कोणी विचारलेही नाही. ते गेले. तो सुतारही गेला. गोष्ट फक्त माझ्यापाशी उरली, आणि मी पडलो मुका.

त्यांचा मुलगा आता घरचा रंगारी होता. तोही वडिलांसारखाच शिस्तीचा. चप्पल बाहेर काढावी तितक्या सहजपणे तो नियम पाळत असे. तीनशेतला एक आकडाही त्याने कधी गाळला नाही. रंग नीट सुकावा म्हणून आबा खिडक्या उघडायला लावत असतील, अशी त्याची समजूत होती.

एका वर्षी रंगखोलीत उंदीर झाले. रात्रीतून लडीच्या लडी कुरतडून टाकू लागले. म्हणून घरात एक करडा बोका आला. तो सगळ्यांच्या कामावर देखरेख ठेवत फिरे, त्यामुळे रंगाऱ्याच्या मुलीने, गोटीने, त्याचे नाव मुकादम ठेवले. मुकादमाने आठवडाभरात उंदरांना सळो की पळो करून सोडले. पण त्याला क्षणात आत जायचे असे, क्षणात बाहेर यायचे असे. तो माझ्यावर नखे ओरबाडी आणि गोटीची आई पीठ मळता मळता, भरल्या हातांनी उठून मला उघडी. दिवसातून वीस वेळा तरी. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एक तर या घरात बोका राहील, नाही तर मी." मग मला भोक पाडून झडप बसवायचे ठरले.

त्यासाठी एक नवा सुतार आला. कानावर पेन्सिल, तोंडात शीळ. माणूस कामाचा होता, उगाच कशाला खोटे बोलू. त्याने मुकादमाला धरून खांद्याशी मोजले, पोटापर्यंतची उंची मोजली. मुकादमाला ते अजिबात आवडले नाही. मग सुताराने तेवढा चौकोन कागदावर कापला, माझ्या तळाशी चिकटवला आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या. खुणा करता करता त्याचे बोट चौकटीच्या लोकरी पट्टीवरून फिरले आणि तिथेच थांबले.

"ही पट्टी कशासाठी लावलीय हो?" त्याने विचारले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला वाचा फुटावी असे दोनदाच वाटले. त्यातली ही पहिली वेळ. रंगाऱ्याला उत्तर माहीत नव्हते. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या दरवाजापाशी उभे राहून परक्या माणसाला 'माहीत नाही' कसे म्हणायचे? 

"वास येऊ नये म्हणून," तो म्हणाला. "आबांचं नाक फार तिखट होतं."

"मग हरकत नाही," सुतार म्हणाला आणि त्याने गिरमिट लावले.

चार कोपऱ्यांना चार भोके पडली, मग करवत फिरली. मला वेदना होत नाहीत, पण त्या चौकोनातून पलीकडची ऊब पहिल्यांदा अलीकडे आली, ते मला जाणवले. भोकात प्लॅस्टिकची पारदर्शक झडप बसली. तिच्या कडेने नखभर फट राहिली. झडप हलायची तर तेवढी फट ठेवावीच लागते, असे सुतार म्हणाला.

घरात सगळे खूश झाले. आजी, म्हणजे रंगाऱ्याची आई, म्हणाली की आता सूनबाईची ऊठबस वाचली. गोटीने झडपेतून हात घालून पाहिला आणि शेजारपाजारच्या मुलांना बोलावून खेळ दाखवला. मुकादम निळ्या पंजांनी ये-जा करू लागला, आणि फरशीवर उमटलेले ठसे पुसताना गोटीची आई रागावण्याऐवजी हसू लागली. खिडक्या दिवसभर उघड्या असण्याचे ते दिवस होते. मीसुद्धा स्वतःची समजूत घातली की एवढ्याशा फटीने काय होणार आहे.

मग थंडी पडली. त्या वर्षी निळ्या लडींना मोठी मागणी होती. निळीचा हंडा कोमट राहिला तरच रंग धरतो, गार पडला तर सगळी नीळ वाया जाते. म्हणून रंगारी दुपारी तयार लडी पोचवायला जाताना भट्टीत कोळसा भरी, निखाऱ्यांवर राख ओढी, ऊब टिकावी म्हणून धुराड्याचे झाकण अर्धे लावी आणि खिडक्या घट्ट बंद करी. अशा मंद भट्टीतून काय निघते, ते थोरले रंगारी जाणून होते. पूर्वी ते पलीकडेच कोंडून राही. त्याला अडवण्यासाठी तर मी होतो.

थंडीमुळेच आजीची खाट माझ्याजवळ सरकवली गेली. झडपेतून छान ऊब येते, असे आजी म्हणे. शाळेतून आली की गोटी तिच्या कुशीत शिरे. दोघी दुपारी झोपत आणि उठताना डोके धरून उठत. आजी म्हणे थंडीने डोके धरले. गोटीला एकदा ओकारी झाली, तेव्हा शाळेत काहीबाही खाल्ले असेल असे ठरले. दोघींच्या गालांवर लाली येई. गोटीचे लाल गाल पाहून आजी तिच्या आईला म्हणाली, "बघ, थंडी मानवलीय पोरीला." सकाळी दोघी खडखडीत बऱ्या असत आणि दुपार टळली की मलूल होत. रोज असेच चालले होते. ते नीट दिसत होते फक्त मला, कारण मी कुठे जात नाही.

मुकादमाने मात्र झडप सोडली. तो दुपारी माझ्याजवळ फिरकेना. रस्त्याकडच्या दरवाजापाशी जाऊन बसे. तो दरवाजा जुना, त्याचा उंबरठा झिजून खाली बोटभर फट पडलेली. तिथे गार वारा लागतो, बोक्याला तिथे काय सुख मिळते, असे सगळ्यांना नवल वाटे. इकडे उंदीर पुन्हा लडींवर तुटून पडले. गोटीच्या आईने मुकादमाला उचलून झडपेसमोर ठेवले, तर तो तिच्या हातावर ओरखडा काढून पळाला. झडप शेपटीवर आपटली असेल, भ्यायला असेल, असा रंगाऱ्याने अंदाज केला. ज्या दुकानातून झडप आणली होती तिथे त्याने विचारले. दुकानदार म्हणाला, बोक्यांची सवय अशी मोडते कधी कधी. दोन-चार दिवस चिमटा लावून झडप उघडीच ठेवा, म्हणजे भीती जाईल.

सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. गोटीच्या आईने दोरीवरचा एक लाकडी चिमटा आणला आणि झडप वर उचलून पक्की केली. नखभर फटीची आता खिडकी झाली.

दुसऱ्या दिवशी गोटीला खोकला झाला, म्हणून ती शाळेत गेली नाही. जेवणे झाल्यावर तिची आई लडी खळबळून आणायला ओढ्यावर गेली. रंगाऱ्याने भट्टी भरली, राख ओढली, झाकण अर्धे लावले, खिडक्या बंद केल्या आणि गठ्ठा घेऊन तो निघून गेला. आजी माझ्याकडे पाठ करून खाटेवर आडवी झाली. गोटी तिच्याजवळ होती. तिने मुकादमाला हाका मारल्या, पण तो रस्त्याकडच्या दरवाजापाशी बसून होता. जागचा हलला नाही.

"आजी, मी त्याच्याजवळ जाऊन झोपते," गोटी म्हणाली.

"जा. पांघरूण घेऊन जा हो, फरशी गार आहे."

आजीचे हे शेवटचे बोलणे. गोटी पांघरूण ओढत गेली आणि बोक्याला पोटाशी धरून त्या फटीजवळ झोपली. मग घर शांत झाले. माझ्या पायथ्याच्या चौकोनातून ऊब सतत अलीकडे येत होती, आणि आजीचे श्वास अधिकाधिक अंतराने येऊ लागले. मला वाचा फुटावी असे वाटले, ती हीच दुसरी वेळ. मित्रांनो, दरवाजा फार तर करकरतो, आणि तेही कोणी हलवला तरच.

रंगारी मागच्या बाजूने परत आला. त्याची पावले ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू. त्याने बाहेरून दोन्ही खिडक्या उघडल्या आणि पायरीवर बसून मोजायला सुरुवात केली. तो नेहमी पुटपुटत मोजत असे, मला प्रत्येक आकडा ऐकू येई. पहिले शंभर झाले. दुसऱ्या शंभरात तो साठाच्या पुढे गेला असताना मागच्या वाटेने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याला थंडीबद्दल काही विचारले. रंगाऱ्याने हसून उत्तर दिले आणि त्याचा आकडा चुकला. दुसरा कोणी असता तर अंदाजाने पुढे गेला असता. त्याने मात्र ते शंभर पुन्हा एकपासून मोजले. अलीकडे त्याची आई होती, मुलगी होती, आणि तो आबांचा नियम पाळत होता.

तिसरे शंभर संपल्यावर तो आत आला, माझ्यापाशी वाकला आणि उघड्या झडपेतून त्याने लाडाने हाक मारली, "काय मुकादम, गेली का भीती?"  त्याने मला उघडले.

गोटीला त्याने रस्त्यावर नेले. मोकळ्या हवेत तिला ओकारी झाली आणि मग तिने भोकाड पसरले. ओढ्यावरून परतणाऱ्या तिच्या आईने ते रडणे लांबून ऐकले आणि ती लडी टाकून धावली. आजीला खाटेसकट बाहेर काढले. तिचे गाल लाल होते. ती गाढ झोपल्यासारखी दिसत होती.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाई घर पाहायला आल्या. त्यांनी भट्टी पाहिली, धुराडे पाहिले आणि माझ्यासमोर बसून झडपेला बोट लावले. मंद जळणाऱ्या कोळशातून विषारी वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, तो डोक्यात झोप आणतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मुलीला रस्त्याकडच्या फटीतून ताजी हवा मिळत राहिली म्हणून ती वाचली. 

"खिडक्या उघडून थांबायचं असतं, ते यासाठी?" रंगाऱ्याने विचारले.

"थांबायला कोणी शिकवलं होतं तुम्हाला?"

"आबांनी."

"आणि का थांबायचं, ते?"

"आम्ही कधी विचारलं नाही," रंगारी म्हणाला.

तोच सुतार पुन्हा आला. या वेळी त्याने शीळ घातली नाही. त्याने झडप काढली, दोन्ही बाजूंनी फळी ठोकली, कडेला लोकरी पट्टी घातली आणि हत्यारे उचलली. तो दारात असताना रंगारी त्याला एवढेच म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही विचारलं होतं."

नंतर रंगाऱ्याने कुंचला घेतला. जो रंग कितीही धुतला तरी जात नाही, त्या निळ्या रंगाने त्याने माझ्या दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत लिहिले. गोटी नुकती वाचायला शिकली होती. ती एकेक अक्षर जोडत वाचू लागली.

"या दाराला भोक पाडू नका. भट्टीतून विषारी वायू येतो. तो दिसत नाही." ती थांबली. शेवटची ओळ तिने मनात वाचली आणि वडिलांकडे पाहिले. "बाबा, 'माझी आई यात गेली', म्हणजे आपली आजी ना?"

"हो," तो म्हणाला, आणि तिथेच उंबरठ्यावर बसून त्याने तिला सगळे सांगितले. तिने खूप प्रश्न विचारले. त्याने एकालाही उलट बोलणे म्हटले नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि माझे मागणे थोडे आहे. तुमच्या घरातही जुने दरवाजे असतील, जुने नियम असतील. ते मोडण्याआधी, आणि नुसते पाळण्याआधीही, ते कशासाठी आहेत ते मोठ्यांना विचारा. आणि एखाद्या दिवशी कोणी तुम्हाला विचारले आणि तुम्हाला माहीत नसेल, तर 'माहीत नाही' म्हणा. त्या सुताराने ते ऐकले असते, तर करवत खाली ठेवली असती.