नणंदेचा कोट

मला बहीण नाही. त्यामुळे माझ्या बायकोला नणंद नव्हती. ती तिने लग्नाच्या तिसऱ्या वर्षी घरच्या घरी तयार केली.

झालं असं, की त्या दिवशी ती शाळेतून लवकर आली. ती व्याकरण शिकवायची, पाचवी ते सातवी. मी तिचा फुलाफुलांचा झगा घालून आरशासमोर उभा होतो आणि दाराला कडी लावायला विसरलो होतो. मला वाटलं, संपला संसार. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "पाठीची चेन अर्धीच लागलीये. वळ."

मी वळलो. तिने दोनदा ओढून पाहिली.

"नाही लागणार. आणि माझ्या शिवणी उसवल्यास तर बघ."

मग ती आत गेली, चहा टाकला आणि तिथूनच हाक मारली, "वन्सं, साखर किती?"

मी असे कपडे का घालतो ते तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, बरं वाटतं. ती म्हणाली, "एवढं पुरे." त्याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

नवरा म्हणून ती मला 'तू' म्हणायची. झगा घातला की 'अहो वन्सं' आणि 'तुम्ही'. एवढा मान मला त्या घरात दुसऱ्या कुठल्या कपड्यांत मिळाला नाही. माझ्यासाठी कपडे शिवायला तिने एक टेलरबाई गाठली. तिला सांगितलं, नणंद अंगाने थोराड आहे, घराबाहेर पडत नाही, मापं मीच आणून देईन. पंचवीस वर्षांत सहा झगे आणि दोन स्कर्ट झाले. सगळे घरातल्या घरात झिजले.

बाहेर न पडायला कारण होतं. मी वजनकाटे तपासणारा निरीक्षक आहे. बाजारातले सगळे दुकानदार मला ओळखतात. मी दिसलो की उठून उभे राहतात, 'साहेब' म्हणतात, आणि पाठ वळली की काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्यांच्यापैकी एकाने जरी मला स्कर्टमध्ये ओळखलं असतं, तर त्या बाजारात पुन्हा कुठलाही काटा शून्यावर आला नसता.

बायकोला हे पटायचं नाही. "एकदा तरी चला, वन्सं. नुसतं कोपऱ्यापर्यंत." मी उन्हाळ्यात म्हणायचो, केसांच्या टोपात घाम येतो. पावसात म्हणायचो, टोप भिजेल. या हिवाळ्यात म्हटलं, अंगावर घालायला बायकी कोट नाही. सबब चांगली होती, थंडीभर पुरली असती. दुसऱ्याच दिवशी ती कोटाचं कापड घेऊन आली. गर्द हिरवं.

"आता तुझं फक्त क्रियापद राहिलं," ती म्हणाली. "कपडे कोणाला कळणार नाहीत. तुला पकडून देणार ते तुझं क्रियापद."

रोज संध्याकाळी मग तालीम. आलो नाही, आले. जातो नाही, जाते. दहातली सात माझी चुकायची. शेवटी तिनेच वाट काढली.

"भूतकाळात बोल आणि सकर्मक बोल. मी घेतलं, मी पाहिलं, मी केलं. बाई बोलली काय, पुरुष बोलला काय, सारखंच. येणं, जाणं, बसणं, पडणं, यांच्या वाटेला जाऊ नकोस. आवाज नाही चोरायचा. शब्द चोरायचे."

कोट शिवायला टाकला त्याच्या अठराव्या दिवशी ती शाळेत फळ्यासमोर कोसळली. विषय समास होता. मुलं म्हणाली, बाईंनी उदाहरण अर्धंच लिहिलं होतं. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

दोन महिन्यांनी फोन आला.

"टेलरबाई बोलतेय. मिसेसना द्या जरा."

"ती घरी नाही." हे खोटं नव्हतं.

"मग निरोप द्या. कोट कधीचा लटकलाय. मी दुकान बंद करून लेकीकडे चाललेय, कायमची. शनिवारी शेवटचा दिवस. आणि अंगावर घालून बघितल्याशिवाय मी कोट देत नाही, बाह्या अजून कच्च्याच ठेवल्यात. ज्यांचा आहे त्यांनी यावं. नाही आलं कोणी, तर देऊन टाकीन ज्याला बसेल त्याला."

"सांगतो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर कळलं, की जिला सांगायचं ती नाही, आणि ज्यांनी यायचं त्या बाई म्हणजे मीच.

दोन दिवस मी दुसरा मार्ग शोधला. कोणाला पाठवावं तर माझ्या मापाची बाई ओळखीत नाही, आणि असती तरी तिला काय सांगणार? सोडून द्यावा, असंही मनात आलं. पण तिने माझ्यासाठी केलेली ती शेवटची गोष्ट होती, आणि ती ज्याला बसेल त्याला जाणार होती.

शनिवारी सकाळी दोनदा दाढी केली. करडा स्कर्ट, स्वेटर, टोप आणि गळ्याला तिचा स्कार्फ. त्याला अजून खडूचा वास होता. टोप पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला, काळाभोर. खालचा चेहरा अठ्ठावन्न वर्षांचा. आरशात पाहिलं तर रंगवलेल्या केसांची, कोणाशी तरी भांडून आलेली बाई दिसली. अशा बाया असतात. दोन तर आमच्याच ऑफिसात आहेत.

खालच्या मजल्यावरची शेजारीण जिना पुसत होती. तिने मान वर केली नाही, फक्त माझे बूट पाहिले.

"कडेकडेने जा हो. आत्ताच पुसलंय."

मी कडेकडेने गेलो.

पंचवीस वर्षं मला भीती होती की लोक बघतील. कोणी बघितलं नाही. उतारवयाच्या बाईकडे रस्त्यात कोणीही बघत नाही. माणसं माझ्या आरपार बघून पलीकडचं दुकान बघत होती. बायकोला हे ठाऊक असणार. तिने सांगितलं नाही. कदाचित तिला वाटत असेल, की मला दिसतंय. एक तरणा माणूस खांदा आपटून पुढे गेला आणि म्हणाला, "आजी, बाजूला." ताई नाही, काकू नाही, एकदम आजी. मला राग आला. एवढी तयारी काय आजी म्हणवून घ्यायला केली होती?

बाजाराच्या तोंडाशी पुढे जाववेना. उभं राहायला निमित्त हवं म्हणून फळवाल्याच्या गाडीपाशी थांबलो आणि सफरचंदांकडे बोट दाखवलं. या फळवाल्याच्या काट्याला गेल्या मार्चमध्ये मी स्वतः शिक्का मारलाय. त्याने रिकामी टोपली काट्यावर ठेवली, काटा शून्यावर न आणता तिच्यात सफरचंदं टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक किलो. जास्तच आहे बघा, ताई."

टोपलीचंच वजन शंभर ग्रॅम होतं. माझ्यासमोर हा माणूस आधी फडक्याने काटा पुसतो, मग दोन्ही हात वर करून दाखवतो. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच मी कमी माल मुकाट्याने घेतला.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे एक खोली. मशीन दोरीने बांधून ठेवलेलं, भिंतीवर रिकामे हँगर, आणि एका हँगरवर हिरवा कोट. बाई ठेंगण्या, सत्तरीच्या, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या न काढताच त्या बोलत होत्या.

"या. तुम्हीच का त्या नणंदबाई? पंचवीस वर्षं ऐकतेय तुमच्याबद्दल."

"हो," मी म्हटलं. हा शब्द बिनधोक असतो.

"उंची सांगितली होती तेवढी आहे. उभ्या राहा इथे. वहिनी म्हणायच्या, आमच्या वन्सं एक नंबरच्या आळशी. कप विसळायला सांगितला की डोकं दुखतं."

"असं म्हणायच्या?"

"आणि सबबी! सबबी सांगाव्या त्यांनीच, म्हणायच्या. हे कापड आणलं तेव्हा काय म्हणाल्या, ठाऊक आहे? 'ही त्यांची शेवटची सबब. शिवून टाका.'" त्यांनी एक बाही माझ्या हातात चढवली. "पण नणंद घरात नसली की करमत नाही, असंही म्हणायच्या. नवऱ्याबद्दल कधी असं बोलल्या नाहीत हो."

मला स्वतःचा थोडा राग आला आणि स्वतःचाच थोडा हेवा वाटला.

"हात वर. आणि त्या का नाही आल्या? घेऊन येते म्हणाल्या होत्या तुम्हाला."

हे मी घोकून ठेवलं होतं.

"वहिनी गेल्या," मी म्हटलं. आदराचं, स्त्रीलिंगी, कुठेही धोका नाही.

टेप थांबली. "कधी?"

"दोन महिने झाले."

"साहेब फोनवर बोलले नाहीत काही."

"त्यांना सांगता आलं नाही."

इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

दोन महिन्यांत बायकोबद्दल मला सगळ्यांनी विचारलं होतं. काय झालं, कधी झालं, कोणत्या तासाला झालं. हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं.

"मी एकटा पडलो," मी म्हटलं.

पडणं. वाटेला जाऊ नकोस म्हणून सांगितलेल्या चारांपैकी एक. वर पुन्हा 'एकटा'. तीन शब्दांच्या वाक्यात दोन चुका.

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. मी दाराकडे पाहिलं. एक बाही हातात होती, दुसरी लोंबत होती. अशा स्थितीत पळता येत नाही.

"एकटी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"'एकटी पडले' म्हणा. दुसरा हात घाला, बाही बघू दे."

मी दुसरा हात घातला. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं मापं घेतेय. खांदा अठरा, कंबर अडतीस, आणि पुढे छातीला टक्स नकोत म्हणे. कोणाची नणंद असते अशी? पहिल्याच झग्याला कळलं."

"मग तिला का नाही बोललात?"

"किती रंगून सांगायच्या त्या! वन्सं रुसल्या, वन्सं हट्टाला पेटल्या. मी कशाला मोडता घालू? मलाही मजा यायची ऐकायला."

दुनियेची मापं मी तपासत हिंडत होतो, आणि माझी मापं पंचवीस वर्षं या बाईच्या वहीत होती. मला एकदम आठवलं.

"पण फोनवर तुम्ही म्हणालात, ज्यांचा आहे त्यांनी यावं."

"मग? बाही ज्याची त्याच्या हातावरच बघायला लागते. पँट घालून आला असतात तरी हाताची लांबी तेवढीच की."

मी खुर्चीवर बसलो. बसले. काय असेल ते.

त्या माझ्याकडे पाठ करून सुई ओवायला लागल्या. चाळीस वर्षांचा हात, पण दोरा काही आत जाईना. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"कापड चांगलं निवडलं होतं त्यांनी," बाह्या पक्क्या करताना त्या म्हणाल्या. "दहा वर्षं काही होत नाही बघा."

कोट अंगावर घालूनच मी निघालो. खांद्यात बसला होता, पाठीत बसला होता, आणि बाही मनगटावर जिथे थांबायला हवी तिथेच थांबत होती. फळवाल्याच्या गाडीपाशी आलो तेव्हा सकाळची पिशवी हातातच होती. ती त्याच्यासमोर ठेवली.

"परत तोल."

"अहो ताई, मघाशी तर…"

"आधी टोपली ठेव. आता काटा शून्यावर आण."

त्याची मान झटक्यात वर आली. हे वाक्य तो दर मार्चमध्ये ऐकतो. त्याने माझा चेहरा पाहिला, कोट पाहिला, पुन्हा चेहरा पाहिला. त्या दिवशी रस्त्यात माझ्याकडे नीट बघितलेला तो पहिला माणूस.

"तुम्ही साहेबांच्या कोण?"

"बहीण."

"तरीच!" त्याने काटा शून्यावर आणला, सफरचंदं ओतली, वर एक टाकलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक टाकलं. "ताई, साहेबांना सांगू नका हं. त्यांच्या घरी आधीच वाईट झालंय, ऐकलं मी. उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?"

जास्तीचं सफरचंद मी त्याच्या गाडीवर परत ठेवलं. मोजून एक किलो घेतलं.

"सांगते," मी म्हटलं.

क्रियापद आपोआप बरोबर आलं. तिने ऐकायला हवं होतं.

सोमवारी मी ऑफिसच्या कपड्यांत त्याच्या गाडीपाशी गेलो. तो उठून उभा राहिला. टोपली काट्यावर होती आणि काटा शून्यावर होता.

"बहीण तुमची फार तिखट आहे हो, साहेब," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "पण घरात नसली की करमत नाही."