दोन घरांचं पाणी

मापबाई रोज सकाळी दोन किल्ल्या घेऊन निघायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं साहाय्यक म्हणून काढली, तेव्हा मुलांनी ठेवलेलं हे नाव. आधी शेजारच्या वहिनींचं घर, मग समोरच्या शिंप्याचं. प्रत्येक घरात नळ सोडायचा आणि बारा लिटरच्या दहा बादल्या भरायच्या. पाणी वाया घालवणं जिवावर यायचं, म्हणून ते पाडलेल्या घरांच्या जागी लावलेल्या रोपांना घालायचं.

कायदा साधा होता. पूररेषेतली वस्ती उठवून तिथे झाडं लावायची, पाणी मुरायला जमीन मोकळी करायची. गल्लीत तीन घरं नांदती असेपर्यंत नळ चालू राहणार. दोनच उरली की घर सोडायची साठ दिवसांची नोटीस. कायदा चुकीचा नव्हता, आणि बाईंना नेमकं तेच छळायचं. भांडायचं तरी कोणाशी? पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावरची खोली त्यांच्या नावावर तयार होती. पण तिथे खिडकीतून हाक मारली तर ओ देणारं कोण?

आज मीटरवाला आला तो कट्ट्यावर बसूनच राहिला.

"मावशी, वहिनींचा महिना तीन हजार सहाशे लिटर. शिंप्याचाही तेवढाच."

"मग? काटकसरी माणसं आहेत."

"मागच्या महिन्यात दोघांचे प्रत्येकी तीन हजार सातशे वीस. महिना एकतीस दिवसांचा होता ना!" तो हसला. "अहो, माणसं अशी मापून जगतात का? कोणाकडे पाहुणा नाही, कोणाला ताप नाही, कोणी चादरीसुद्धा धूत नाही?"

बाई ओशाळल्या. आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं, की दोन वाचनं तंतोतंत जुळली तर आधी संशय घ्या.

"या वेळी फॉर्मवर नवा रकाना आहे," तो खाली बघत म्हणाला. "राहणारं माणूस प्रत्यक्ष पाहिलं का? वहिनींना जरा हाक मारता?"

वहिनी गावाला गेल्यात, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. त्याने मानलंही असतं. पण सवयीने त्या कुंपणाशी गेल्या आणि तोंडातून हाक निघाली. "वहिनी! अहो वहिनी, बाहेर या की!"

वहिनी घर सोडून गेल्यापासून दोन वर्षांत त्यांनी ही हाक मारली नव्हती. आवाज रिकाम्या जागांवरून पार नदीपर्यंत गेला. रोज उघडत होत्या त्या दाराकडे त्या बघत राहिल्या, जणू खरंच कोणी येईल.

"मावशी..."

"एकच घर लिहा," बाई म्हणाल्या.

त्याने लिहिलं, सही घेतली, आणि प्यायला पाणी मागितलं. बाईंनी तांब्या काठोकाठ भरून दिला. तो पिईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या, आणि तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "अजून घ्या ना."