मीठ, भाकर वगैरे

राजेंद्र बी.ए. झाल्यापासून घरात सरळ बोलायची सोय राहिली नव्हती, अशी सुंदराबाईंची तक्रार होती. चहा मागितला तरी तो आधी वाक्य दुरुस्त करी, मग कप पुढे करी. असल्या माणसाच्या हातात आपली कथा देणं ही चूकच होती, आणि ती चूक सूनबाईची, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

कथा त्यांच्या सासूची, भिमाबाईची. काड्यापेटीच्या कारखान्यात संप झाला तेव्हा तिनं बुवापाड्यातलं घर कसं ओढलं, त्याची. सुंदराबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. कागद आख्खा विकत घेतलाय तर आख्खाच वापरायचा, म्हणून अक्षरं या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुळगावच्या दिवाळी अंकाला ती आवडली. संपादकांचा फोन राजेंद्रनं घेतला आणि घरात सांगितलं, "टाइप करून मागितलीय. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडवून. शनिवारपर्यंत आली तरच अंकात."

शुक्रवारी संध्याकाळी तो उल्हासनगरच्या डीटीपीवाल्याकडून कोरेकरकरीत कागद घेऊन आला. "सिंधी शेठ पण म्हणाला, साब, ऐसा काम पहली बार किया."

"वाच गं कुमुद," सुंदराबाई म्हणाल्या.

कुमुदिनीनं वाचायला घेतलं. "'माझा, नवऱ्याचा चुलता या नात्याने सासरा, प्रत्येक दारी फिरला...'"

"कोण फिरला?"

"चुलतसासरा, आई."

"मग तसं म्हण की. त्याला एवढं लांबवर कशाला नेलंस?"

"मी नाही नेलं. ह्यांनी नेलंय."

"समास सोडवलाय," राजेंद्र म्हणाला. "पुढे वाच."

"'आम्ही पोरं जेवून उठलो की सासू चुलीपुढे बसून मीठ, भाकर वगैरे साधे खाद्यपदार्थ खाई.'"

सुंदराबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"वगैरे?"

"मीठभाकर हा समाहार द्वंद्व आहे, आई. त्यात वगैरे येतंच."

"तिच्या ताटात कधी आलं नाही ते."

मग कुमुदिनीनं नवऱ्याचा मोबाइल उचलला आणि थेट संपादकांनाच विचारलं, समास सोडवायचे म्हणजे सगळेच का. पलीकडचा आवाज घरभर ऐकू गेला. "अहो बाई, सोडवून नाही, सोडून! समास म्हणजे कडेची कोरी जागा. तुमच्या सासूबाईंनी मुंगीला चालायला वाट ठेवली नाही कागदावर, मी खुणा करू कुठे?"

राजेंद्रनं चष्मा काढून पुसला. "फोनला खरखर होती," तो म्हणाला.

सुंदराबाईंनी मुंगीचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवलं. मेथी पुन्हा पुढे ओढली, दोन काड्या खुडल्या.

"सकाळी शटर उघडायच्या आत त्या शेठच्या दारात उभा राहा. कडेला पाहिजे तेवढी जागा सोड, माझी काही हरकत नाही. पण राजू, कागद रिकामा ठेवायला सांगितला, तर तू सासूचं ताट भरून आलास. ती मीठभाकरीवर राहिली रे. तिला तेवढ्यावरच राहू दे."