ओळ तीन, क्रमांक एक्केचाळीस

मी एक जुना हातपंप आहे आणि कागदोपत्री मी एकदा वारलो होतो. मित्रांनो, घाबरू नका. कॅनडात, मॅनिटोबातल्या झोरिया गावच्या सार्वजनिक दफनभूमीत असं कधीकधी होतं.

कारखान्यातून ओतून निघालो तेव्हा मी तापट होतो. इथे इतके शांत शेजारी मिळाले की निवलो.

मेत्रो हनात्युक इथला राखणदार. बर्फ पडण्याआधी तो माझ्यातलं पाणी काढून मला गोणपाट गुंडाळायचा. वसंतात माझा चामड्याचा वायसर बदलायचा. वायसर तो स्वतःच्या जुन्या बुटांतून कापायचा. त्याचे सगळे बूट असे माझ्या पोटात गेले. मग "घे म्हाताऱ्या, घोटभर," म्हणत वरून डबाभर पाणी ओतायचा. पंपाला आधी पाजावं लागतं, मगच तो देतो.

चार वर्षांपूर्वी मेत्रो सातव्या ओळीत राहायला गेला. माझ्यापासून बावीस पावलं. त्याचा दगड मला दिसतो, पण मला पाय नाहीत. कुणी बादली भरली तरच मी त्याच्यापर्यंत पोचणार. आणि वायसर सुकल्यापासून मी नुसता खोकत होतो.

पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीसाठी नगरपालिकेने इथल्या प्रत्येक वस्तूची यादी करायला घेतली. लिनेट नावाची शिस्तीची मुलगी फेब्रुवारीत आली, तेव्हा बर्फ माझ्या मानेपर्यंत होता. तिने लिहिलं : 'ओळ तीन, क्रमांक एक्केचाळीस. लोखंडी स्मारक. नाव पुसलेलं. किंचित कललेलं.' बर्फ वितळल्यावर कामगारांनी यादीबरहुकूम मला सरळ केलं, रंगवलं, पायाशी प्लॅस्टिकची फुलं ठेवली. चालत होतो तेव्हा एवढा मान कधी मिळाला नव्हता.

ईस्टरनंतरच्या रविवारी लोक कबरी धुतात आणि आपल्या माणसांपाशी बसून पास्का, म्हणजे सणाचा गोड पाव, खातात. मेत्रोची बायको ओरिसिया चार वर्षं घरून पाणी आणत होती. यंदा तिच्याने ओझं उचलेना. ती रिकामी बादली घेऊन माझ्याकडे आली. लिनेट तिथेच यादी तपासत होती.

"आजी, हात लावू नका. कबर आहे ती."

"कुणाची गं?"

"नाव पुसलंय."

"पोरी, या कबरीचं पाणी पिऊन माझी चार मुलं वाढली!"

लिनेट कानापर्यंत लाल झाली. "पण पंप म्हणून लिहिला तर नादुरुस्त ठरेल. नादुरुस्त पंप उपटतात. कबरी मात्र कायम जपतात."

"म्हणजे मेलेला राहिला तरच जगेल?"

"नियमच तसा आहे."

"मग आधी दुरुस्त कर, नंतर लिही."

ओरिसियाने पिशवीतून मेत्रोचा पाना, पाण्याची बाटली आणि तेलात भिजवलेला एक वायसर काढला. "त्याच्या शेवटच्या बुटाचा. कापून ठेवून गेलाय. अगं, उलटा बसवतेस! हां, आता पाज त्याला."

मी खोकलो, गंज थुंकलो आणि मग धो धो वाहिलो. लिनेटने बादली बावीस पावलं नेली. बादली परत आली तेव्हा तिच्या तळाशी मेत्रोच्या दगडावरचं शेवाळ चिकटलं होतं. चार वर्षांत त्याच्याकडून आलेला तेवढाच निरोप.

लिनेटने यादीत लिहिलं : 'हातपंप. चालू. दर वसंतात वायसर बदलणे.' आणि त्यापुढे स्वतःचं नाव घातलं.

मित्रांनो, वस्तूंची यादी जरूर करा, पण प्रत्येक वस्तूपुढे एका माणसाचं नावही लिहा. नुसत्या यादीने कुणाची तहान भागत नाही.

लिनेटचे बूट अजून कोरे करकरीत आहेत. घाई नाही. वाट पाहायची मला सवय आहे.