लव्हेंडर रंगाचा कुर्ता

लग्नाच्या कपड्यांबद्दल माझं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की नवरीला बसता-उठता आलं आणि पोटभर जेवता आलं, म्हणजे कपडा चांगला. तीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काढली. तिथे ढगळ बाही घालून मशीनपुढे उभं राहू देत नाहीत. कपड्यातलं मला तेवढंच कळतं.

माझी बायको सुमन भाद्रपदात गेली. लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं सगळे म्हणाले. म्हणून आमच्या प्राजक्ताचं लग्न वैशाखात धरलं. सुमनने स्वतःचा हिरवा शालू पोरीसाठी ठेवला होता. जर घडीवर तुटू नये म्हणून दर दिवाळीनंतर ती त्याची घडी बदलायची. प्राजक्ताने तो अंगाला लावून आरशात पाहिलं, डोळे पुसले आणि परत कपाटात ठेवला. हिरवा थीममध्ये बसत नाही म्हणाली.

थीम लव्हेंडर होती. म्हणजे फिकट जांभळा, धुऊन विटल्यासारखा. ती मोनिका नावाच्या बाईने ठरवली होती. लोकांची लग्नं सजवून देणं हा तिचा धंदा, आणि प्राजक्ताच्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरींची लग्नं तिनेच सजवलेली. नवरीचा लेहंगा लव्हेंडर, नवऱ्याचा, म्हणजे सुजितचा, फेटा लव्हेंडर, दोन्हीकडची घरची माणसं लव्हेंडर. साखरपुड्याला शिवलेली नऊवारी होती, मागून चेन लावायची, दोन मिनिटांत तयार. सुमनला नऊवारी नेसवायला तिच्या मावशीला तासभर लागला होता. त्या तासात बायका नवरीला चार गोष्टी सांगायच्या. चेन ओढताना कोण काय सांगणार?

लेहंगा मी उचलून बघितला. माल उचलून उचलून हाताला वजन कळतं. आठ किलोच्या खाली नव्हता. मी विचारलं, हे घालून सप्तपदी कशी चालणार? प्राजक्ता म्हणाली, दोन मैत्रिणी धरतील.

माझाही कुर्ता आला. त्याला खिसा नव्हता, ना छातीला, ना बाजूला. मी मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, खिसे असले की काका लोक मोबाइल, चष्मा, सगळं कोंबतात, मग फोटोत फुगा दिसतो. कुठलाही रंग, कसलाही कुर्ता मला चालणार होता. मला फक्त कन्यादानाला बसायचं होतं.

आमच्यात बायको गेलेला माणूस सहसा बसत नाही, चुलता-चुलती बसतात. म्हणून मी गुरुजींना आधीच विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, खुशाल बसा, कमरेला सुपारी लावायची, ती पत्नीच्या जागी. मी देव्हाऱ्यातली सुपारी काढून ठेवली. सुमन प्रत्येक पूजेला गणपती म्हणून मांडायची तीच.

लग्नाला चार दिवस असताना प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. कन्यादानाला रंगरावकाका आणि काकू बसतील म्हणाली. त्यांचे त्या रंगाचे कपडेही शिवून आले होते. रंगराव माझा धाकटा भाऊ. मी गुरुजींचं सांगितलं. ती म्हणाली, गुरुजींची अडचण नाही, सुजितच्या घरचेही काही म्हणत नाहीत.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

ती मोबाइल उघडून काहीतरी दाखवायला लागली. त्यात कुठल्यातरी लग्नातलं कन्यादान होतं. दोन्ही बाजूंना जोड्या, सगळ्यांचे रंग जुळलेले.

"पप्पा, तुम्ही फोटोत एकटे दिसाल," ती म्हणाली. "शेजारी आईची जागा रिकामी. ते मला आयुष्यभर बघवणार नाही."

तिला बघवणार नाही म्हणून मी उठायचं. मी घरात रोज ती रिकामी जागा बघतो, ते कोणाच्या थीममध्ये बसत नाही. हे सगळं मनात आलं आणि मी बरं म्हणालो. सुमन भांडली असती. पण सुमन असती तर भांडायचं कारणच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सुपारी घरी ठेवून जाववेना. ती मुठीत घेऊन हॉलवर गेलो. आदल्या वर्षीपर्यंत अशा वस्तू मी सुमनच्या पर्समध्ये टाकत होतो.

कन्यादानाच्या आधी रंगरावची बायको, शालनबाई, माझ्याकडे आली. पदर सारखा करत हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी बसा. ती जागा आमची न्हाई."

"पोरीनं सांगितलंय," मी म्हणालो. "जा, मुहूर्त टळेल."

ती गेली. पण मान वर करेना. फोटोग्राफरने दोनदा येऊन तिला हनुवटी उचलायला लावली. रंगरावने पोरीच्या हातावर पाणी सोडलं. मी खांबाजवळ उभा होतो. नंतर अक्षता टाकल्या, त्या डाव्या हाताने.

दीड महिन्याने प्राजक्ता आकुर्डीला घरी आली, फोटोंचा जाडजूड अल्बम घेऊन. फोटो चांगले आले होते. रंग जुळले होते, खोटं कशाला बोलू? शालनबाईच्या चेहऱ्यावर तेवढं हसू नव्हतं. प्राजक्ता पानं उलटत होती, मध्येच थांबली आणि दोन-तीन पानं मागे गेली.

"पप्पा, सगळ्या फोटोंत तुम्ही मूठ का आवळलीय? रागावला होता का माझ्यावर?"

"नाही," मी म्हणालो. "कुर्त्याला खिसा नव्हता."

तिला काही कळलं नाही. ती हसली आणि तिने पुढचं पान उलटलं.